सत्तर वर्षांची आशा

यिर्मयाच्या २९व्या अध्यायातलं अकरावं वचन मराठी ख्रिस्ती घरांत हमखास भेटतं. कधी भिंतीवरच्या कॅलेंडरात, कधी दहावीच्या परीक्षेला निघालेल्या लेकराला दिलेल्या आशीर्वादात. देवाचे संकल्प आपल्या हिताचे आहेत, पुढचे दिवस आशेचे आहेत, एवढं आपण त्यातून घेतो. दहावं वचन मात्र फारसं कुणी छापत नाही. बाबेलात पाडाव करून नेलेल्यांना यिर्मया त्या वचनात पत्राने कळवतो, की सुटका होईल, पण सत्तर वर्षांनी. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या नशिबी परतीची वाट नव्हतीच. त्यांनी घरं बांधायची, मळे लावायचे, लेकरांची लग्नं करायची आणि जिथे आणून टाकलं त्याच शहराच्या कल्याणासाठी प्रार्थना करायची. ख्रिस्ती आशेचं याहून खरं वर्णन मला माहीत नाही.

आपल्या भंडारा जिल्ह्यातली मंडळी लहान आहे आणि तिची मुळं अशाच आशेत आहेत. मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले आणि १८६३च्या सप्टेंबरात बोरी नदीच्या पुरात बुडून गेले. भंडाऱ्यातलं स्कॉटिश मिशनचं काम उभं राहिलं ते त्यांच्या पश्चात.

पण भरवशाचा खरा कस दुष्काळात लागला. १८९६-९७मध्ये मध्य प्रांतात अन्नान्नदशा झाली. भंडारा तेव्हा याच प्रांतात होता. पंडिता रमाबाई तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली वाचवण्याचं त्यांनी मनावर घेतलं. दुष्काळ त्यांना ऐकून माहीत नव्हता. आई-वडील त्यांनी दुष्काळातच गमावले होते. आणि वेळ कुठली, तर अमेरिकेतल्या संस्थेने त्यांच्या कामाला १८८७ साली कबूल केलेली दहा वर्षांची मदत संपत आली होती. हिशेबाने पाहिलं तर तेव्हा हात आखडता घ्यायला हवा होता. रमाबाईंनी उलट केडगावला आपल्या मुक्ती मिशनचा पसारा वाढवला. शेती, विहिरी, विणकाम, छापखाना. देव पुरवील, असं म्हणून त्या बसून राहिल्या नाहीत.

त्यांची शेवटची वर्षं मला अधिक जवळची वाटतात. हिब्रू आणि ग्रीकवरून त्या बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. जिच्या हाती मुक्तीचं काम सोपवायचं, ती एकुलती एक लेक मनोरमा जुलै १९२१मध्ये गेली. रमाबाईंनी हातातलं भाषांतर सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या आणि संपूर्ण बायबल छापून बाहेर आलं ते १९२४मध्ये.

आज प्रार्थनासभेत साक्ष ऐकू येते ती नोकरी लागल्याची, आजार बरा झाल्याची. त्याबद्दल उपकारस्तुती व्हायलाच हवी. पण ज्याचा आजार बरा झाला नाही तो मागच्या बाकावर गप्प बसतो आणि आपलाच विश्वास कमी पडला, असं मनाशी धरून घरी जातो. हे आपल्या उपदेशाचं अपयश आहे. अंजिराला फूल नाही, शेतात पीक नाही, तरी प्रभूच्या ठायी आनंद करीन म्हणणाऱ्या हबक्कूकचं पुस्तक आपल्या व्यासपीठांवर जास्त वेळा उघडायला हवं. रोवणी झाल्यावर आभाळ कोरडं पडलेल्या धानाच्या बांधीवर उभ्या असलेल्या माणसाला ते समजावून सांगावं लागणार नाही.

आणि ज्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करायची, त्या शहराचं काय? ऑगस्ट २०२०च्या अखेरीस वैनगंगेचं पाणी भंडाऱ्याच्या वस्त्यांत शिरलं. ९ जानेवारी २०२१च्या पहाटे जिल्हा रुग्णालयातल्या आगीत दहा नवजात बाळं गेली. अशा बाळाच्या आईला ‘देवाची काहीतरी योजना असेल’ म्हणणं निर्दयपणाचं आहे. लाजराला उठवणार हे ठाऊक असूनही येशू त्याच्यासाठी रडला. मंडळीने आधी तेवढं करावं, मग त्या घरी जेवणाचा डबा न्यावा.

आपली तरणी पोरं नागपूर-पुण्याला निघून जातात, मग देवळात उरणार कोण, ही वडीलधाऱ्यांची चिंता खोटी नाही. पण चारच लेकरं असली तरी रविवारची शाळा भरवावी, नेमाने भरवावी. त्यातली तीन उद्या दुसऱ्या कुठल्या मंडळीत गातील. मग ती शिकवणी वाया गेली, असं कुणी म्हणावं?