अश्वशाळेची दारे
अश्वशाळेतील स्वतंत्र कप्प्यात घोडा मोकळा ठेवता यावा, त्यास हवा व उजेड मिळावा आणि गरज पडताच त्यास तत्काळ बाहेर काढता यावे, यासाठी कप्प्याच्या तोंडाशी बसविलेली दारे. मराठेशाहीतील पागांत घोडे सामान्यतः अगाडी-पिछाडीने ठाणावर बांधीत; त्यामुळे प्रत्येक घोड्यास वेगळे दार लागत नसे. ब्रिटिश अंमलात लष्करी घोडदळ व शर्यतींचे घोडे यांच्यासाठी बंदिस्त कप्प्यांची पद्धत रूढ झाली. पुणे (१८३०) व महालक्ष्मी, मुंबई (१८८३) येथील शर्यतीच्या मैदानांमुळे तिचा महाराष्ट्रात प्रसार झाला.

प्रकार : दुफळी दारात वरची व खालची फळी स्वतंत्रपणे उघडते. वरची फळी उघडी ठेवून भिंतीस आकड्याने अडकविली म्हणजे घोड्यास बाहेर डोके काढता येते व वारा खेळता राहतो. बाहेरच्या भिंतीत हा प्रकार सोयीचा असतो. सरकते दार वरच्या रुळावर टांगलेले असून मधल्या बोळात जागा अडवीत नाही. मात्र ते सरकविण्यास बाजूस तेवढीच भिंत मोकळी लागते. बिजागरीचे दार नेहमी बाहेर उघडणारे असावे. आत उघडणाऱ्या दाराशी घोडा आडवा पडून अडकल्यास मोतद्दारास आत शिरता येत नाही.

मापे : सु. ३.६ मी. लांबी-रुंदीच्या कप्प्यास १.२ मी. रुंद व २.४ मी. उंच दार योग्य ठरते. दार अरुंद असल्यास घोड्याच्या कंबरेची हाडे चौकटीवर आदळतात. म्हणून चौकटीच्या कडा गोल घासतात. दुफळी दाराची खालची फळी सु. १.३५ मी. उंच ठेवतात. गजांतील अंतर खूर अडकणार नाही इतके कमी असावे. शिंगरू असल्यास ते आणखी कमी ठेवावे लागते.

उभारणी : खांब ओळंब्यात उभे करून पायात पक्के रोवतात. दार जेथे सोडावे तेथेच स्थिर राहिले, तर ते नीट बसले असे समजावे. उंबरठा उंच नसावा. सरकत्या दारास तळाशी मार्गदर्शक पट्टी अवश्य असावी. ती नसल्यास लाथेच्या धक्क्याने दार बाहेर झुलून घोड्याचा पाय फटीत सापडतो. रुळाच्या दोन्ही टोकांस रोधक ठोकतात. घोडा वरची कडी ओठांनी उघडण्यास शिकतो, म्हणून खालच्या फळीस पायाने सरकविता येणारी दुसरी खिट्टी लावतात. खिळ्यांची डोकी व बोल्टांची टोके बाहेर राहू देऊ नयेत.

साहित्य व हवामान : फळ्यांसाठी सागवान उत्तम असते. रायगड जिल्ह्यात शिरढोण, पनवेल व माथेरानच्या परिसरात जून ते सप्टेंबर या काळात भरपूर पाऊस पडतो. अशा दमट हवेत लाकूड फुगून दार अडकते. म्हणून फळ्या चांगल्या वाळलेल्या घेऊन चौकटीत थोडी मोकळीक ठेवतात. लोखंडी भाग जस्तलेपित असावेत. दारावर पुढे आलेले छप्पर पावसाच्या झडीपासून बचाव करते. परंतु झड टाळण्यासाठी वरची फळी सदैव बंद ठेवल्यास मूत्रापासून निर्माण होणारा अमोनिया आत कोंडतो व घोड्याच्या श्वसनमार्गास अपाय होतो. लाकूड कुरतडण्याची सवय असलेल्या घोड्यासाठी फळीच्या वरच्या कडेवर धातूची पट्टी ठोकतात. शिशाचे रंग विषारी असल्याने वर्ज्य होत.

आगीपासून संरक्षण : गवत व पेंढा यांमुळे अश्वशाळेत आग झपाट्याने पसरते. दारांना कुलपे लावू नयेत. कडी बाहेरून एका हाताने, अंधारातही उघडता यावी. दाराजवळ म्होरकी टांगलेली असावी व बोळ मोकळा ठेवावा. घाबरलेला घोडा जळत्या कप्प्यात परत शिरण्याचा संभव असतो; म्हणून त्यास बाहेर काढताच दार पुन्हा बंद करतात. बिजागऱ्या, कड्या व रूळ यांची पावसाळ्यापूर्वी आणि नंतर तपासणी करून तेलपाणी करणे आवश्यक असते.