कोलेस्टेरॉलची गोळी बंद करून ओमेगा-3 कॅप्सूल घेताय? आधी हे वाचा

लिपिड प्रोफाइलचा रिपोर्ट वाढलेला आला की डॉक्टर अॅटोरवास्टॅटिन किंवा रोसुवास्टॅटिनची गोळी लिहून देतात. या गोळ्यांना स्टॅटिन म्हणतात. पुढं कुणीतरी सांगतं, "गोळीनं लिव्हर खराब होतं, त्यापेक्षा ओमेगा-3 घे." अन् गोळी बंद होते. धोका इथंच आहे, कारण या दोघांचं काम वेगवेगळं आहे.

कोण काय करतं?
स्टॅटिनमुळं लिव्हरमध्ये कोलेस्टेरॉल कमी तयार होतं आणि रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, लिव्हर ओढून घेतं. ओमेगा-3 हे माशाच्या तेलातलं असंतृप्त फॅट. ते मोठ्या मात्रेत घेतलं तर ट्रायग्लिसराइड उतरतं, पण एलडीएल कमी होत नाही. म्हणून ते स्टॅटिनची जागा घेऊ शकत नाही.

मग दोन्ही एकत्र कधी?
गोळी चालू असूनही ट्रायग्लिसराइड 150 च्या वर राहत असेल आणि हृदयविकार असेल, किंवा डायबेटिससोबत आणखी धोके असतील, तर डॉक्टर जोडीला शुद्ध ईपीए (ओमेगा-3 चा एक प्रकार) देण्याचा विचार करतात. 2018 मध्ये जाहीर झालेल्या रिड्यूस-इट अभ्यासात अशा 8,179 रुग्णांना स्टॅटिन चालू होतं. ज्यांना जोडीला रोज 4 ग्रॅम ईपीए दिलं, त्यांच्यात हार्ट अटॅक, पक्षाघात अशा घटना शंभरात सुमारे 17 जणांना झाल्या; न दिलेल्यांत 22 जणांना. मात्र 2020 च्या स्ट्रेंथ अभ्यासात ईपीए आणि डीएचए मिसळून दिलं, तेव्हा फायदा दिसला नाही. त्यामुळं डॉक्टरांमध्येही यावर मतभेद आहेत.

दुकानातली कॅप्सूल चालेल?
नाही. 1000 मिलिग्रॅमच्या साध्या कॅप्सूलमध्ये ईपीए-डीएचए मिळून बहुधा 300 मिलिग्रॅमच असतं. 4 ग्रॅमसाठी रोज डझनभर कॅप्सूल लागतील! शिवाय जास्त मात्रेत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगाच.

जवस, मासे खायचे का?
जरूर खा. बांगडा, तारली यांत ओमेगा-3 भरपूर असतं. फक्त तळून खाऊ नका. जवसाची चटणीही चांगली, पण जवसातल्या ओमेगा-3 चं शरीरात फार थोडं ईपीए बनतं. हा आहार आहे, औषध नव्हे. ट्रायग्लिसराइड जास्त असेल तर दारू बंद करा, साखर आणि गोड कमी करा.

हे लक्षात ठेवा
• स्टॅटिननं लिव्हरला गंभीर इजा क्वचितच होते. शंका असेल तर रक्त तपासून घ्या.
• अंग, मांड्या फार दुखत असतील किंवा लघवी गडद होत असेल तर लगेच डॉक्टरांना दाखवा. गोळी किंवा डोस बदलता येतो.
• गरोदर असाल किंवा मूल हवं असेल तर गोळीबद्दल आधी विचारा.
• ट्रायग्लिसराइड 500 च्या वर असेल तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. उशीर करू नका.

पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना रिपोर्ट सोबत न्या आणि विचारा, "माझं एलडीएल किती, ट्रायग्लिसराइड किती?" औषध कोणतं, हे त्या दोन आकड्यांवर आणि तुमच्या इतर आजारांवर ठरतं, शेजाऱ्याच्या सल्ल्यावर नाही.