गोजीचे पाकीट आणि आंबिलीचे गाडगे

मोबाईलवरील जाहिरातींतून गोजी बेरी नावाच्या एका लाल सुक्या फळाची कीर्ती आता आदिलाबादच्या खेड्यांपर्यंत पोचली आहे. ते खाल्ल्याने रोगप्रतिकारशक्ती वाढते व आतडी निरोगी राहतात, असे सांगण्यात येते. घरातील मोजका पैसा त्यावर खर्चण्यापूर्वी या म्हणण्यात तथ्य किती, हे पाहणे अगत्याचे आहे.

चीनच्या वायव्येस निंग्शिया नावाचा प्रदेश आहे. तेथे या फळाची मोठी लागवड होते. कुळाने ते आपल्या वांगी-टोमॅटोचे भावंड होय. त्यात डोळ्यांस उपकारक असे एक पिवळे रंगद्रव्य विपुल असते. शिवाय त्यातील काही शर्करा अशा असतात की त्या आपल्याला पचत नाहीत, परंतु आतड्यांतील जीवाणूंचे त्या अन्न ठरतात. उंदरांवरील प्रयोगांत त्यांच्यामुळे हितकारक जीवाणू वाढल्याचे आढळले आहे. माणसांवरील प्रयोग मात्र थोडे, अल्पकाळचे व मोजक्या लोकांवर झालेले आहेत. तेव्हा गोजीने लाभ होणे संभवते, एवढेच प्रामाणिकपणे म्हणता येईल.

जीवाणूंना एवढे महत्त्व का? शरीराच्या संरक्षक पेशींचा फार मोठा भाग आतड्यांच्या आश्रयाने राहतो. जीवाणू धान्य, डाळी व फळे यांतील तंतू आंबवून जी आम्ले निर्माण करतात, त्यांवर आतड्यांच्या अस्तराचे पोषण होते. हे तंतू परदेशी फळातच असतात असे मात्र नाही.

आपल्या जिल्ह्यात मराठी, तेलुगू व गोंड अशा सर्वच घरांना ज्वारी परिचित आहे. तिची आंबील, जिला आपले तेलुगू शेजारी अंबली म्हणतात, तंतू पुरविते. ती निवल्यावर ताक घातले तर ताकातील जीवाणूही जिवंत पोटात जातात. उकळत्या आंबिलीत घातल्यास ते मरतात. आवळ्यात 'क' जीवनसत्त्व संत्र्याहून कित्येक पटींनी अधिक असते. जेवणासोबत आवळ्याची फोड खाल्ली, तर भाजी-भाकरीतील लोह अंगी लागण्यास साहाय्य होते. रक्त कमी असलेल्या मुलींना व गर्भवती स्त्रियांना याचा विशेष उपयोग आहे. उलट, जेवणाबरोबर घेतलेला चहा त्या लोहास अडवितो. पेरू आणि रानबोरे ही तर आपल्या परिसरातील फळे आहेत. उटनूरच्या आदिवासी स्त्रिया मोहाच्या फुलांचे लाडू करतात. ते शक्ती देतात, परंतु त्यांत साखर पुष्कळ असल्याने मधुमेही माणसाने जपावे.

एक इशारा अवश्य ध्यानी ठेवावा. हृदयाची झडप बदललेल्या किंवा रक्तात गुठळी झालेल्या रुग्णांना पुष्कळदा वॉर्फरिन नावाचे रक्त पातळ ठेवणारे औषध देतात. त्यासोबत गोजी घेतल्याने औषधाचा प्रभाव वाढून रक्तस्राव झाल्याची उदाहरणे वैद्यकीय ग्रंथांत नमूद आहेत. शहरातील मुलाने आजोबांसाठी प्रेमाने पाकीट पाठविले, तरी ते फोडण्याआधी डॉक्टरांना विचारावे. तसेच अशक्तपणा, दीर्घकाळचा ताप किंवा घटणारे वजन यांवर फळाने उपचार करीत बसू नये. रुग्णाला सरकारी दवाखान्यात न्यावे.

ज्याला परवडते व औषधाची आडकाठी नाही, त्याने गोजी चवीने खावी. परंतु पाकिटासाठी मुलांच्या वाटचे दूध, डाळ वा अंडे कमी होत असेल, तर ते पैसे डाळीवरच खर्चावेत.