दुसरा पंप बसवण्याआधी
घरातलं गरम पाणी : लेखांक 9

टाकीत साठणाऱ्या क्षारांबद्दल या आठवड्यात लिहायचं कबूल केलं होतं. ते आता पुढच्या खेपेला. जबलपूरकडच्या महाराजपूरहून एका वाचकांचा प्रश्न आला आहे आणि थंडी तोंडावर असताना तो लांबणीवर टाकणं बरं नाही. तीन मजली घर, गच्चीवर 300 लिटरचा सोलर, खाली उतरणारी गरम पाण्याची लाइन आणि परतीच्या लाइनवर छोटा सर्क्युलेटर पंप. वरच्या मजल्यांवर नळ उघडताच कढत पाणी येतं, तळमजल्याच्या मागच्या न्हाणीघरात मात्र कोमटच. प्लंबर म्हणतो, पंप कमी पडतोय, जोडीला आणखी एक टाकू. असा सल्ला घाईने मानू नये, असं माझं ठाम मत आहे. पंप पाण्याला फक्त ढकलतो. पाणी कोणत्या वाटेने जायचं, हे नळ्यांची मांडणी ठरवते.

तीन मजले पाणी वर चढवायचं म्हणजे जोर जास्तच लागणार, असं सगळ्यांना वाटतं. पण भरलेल्या, सलग वर्तुळात परतीचं पाणी जितकं वर चढतं तितकंच दुसऱ्या बाजूने खाली उतरत असतं. दोन्ही स्तंभांचं वजन एकमेकांना तोलतं आणि पंपाला झुंजावं लागतं ते केवळ नळ्यांतल्या घर्षणाशी. हे घर्षण प्रवाहाच्या जवळजवळ वर्गाच्या प्रमाणात वाढतं. प्रवाह दुप्पट हवा तर दाब साधारण चौपट लागतो. म्हणून एकामागे एक असे दोन सारखे पंप लावले तरी प्रवाह दुप्पट होत नाही. फार तर चाळीस टक्क्यांनी वाढतो, प्रत्यक्षात त्याहूनही कमी. शेजारी-शेजारी लावले आणि नळी अरुंद असली, तर वाढ जेमतेम जाणवते. उलट, त्याच प्रवाहासाठी नळीचा आतला व्यास 15 मिलिमीटरवरून 20 केला, तर घर्षण जवळपास चौथ्या हिश्श्यावर येतं. जुन्या जीआय नळीत गंज आणि क्षार चढून व्यास आकसला असेल, तर हाच हिशोब उलटा लागू होतो.

या घरातली खूण तर अधिकच बोलकी आहे. वर गरम, खाली कोमट, याचा अर्थ पंप फिरतो आहे आणि पाणीही फिरतं आहे, पण जवळच्या छोट्या फेऱ्यातूनच परततं आहे. पंपाच्या अलीकडे जिथे दोन परतीच्या नळ्या मिळतात, तिथे दोन्हींना हात लावून पाहावं. एक गरम आणि दुसरी गार लागली, तर गरम नळीवरचा व्हॉल्व्ह थोडाथोडा आवळत न्यावा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबावं. गार नळी तापू लागली की पंप पुरेसा आहे हे सिद्ध झालं. व्हॉल्व्ह त्याच जागी ठेवून द्यायचा. तरीही तापली नाही, तर त्या फेऱ्यात हवा अडकली असेल, एनआरव्ही (पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) चिकटला असेल किंवा नळी चोंदली असेल. यांतला कोणताही दोष दुसऱ्या पंपाने दूर होत नाही.

यावर आक्षेप येईल की पंप लावणं सोपं, भिंत फोडून नळी बदलणं खर्चाचं; मग थोडा जोर जास्त झाला तर बिघडलं कुठे? बिघडतं ते टाकीत. सोलरच्या टाकीत गरम पाणी वर आणि गार पाणी खाली असे थर लागलेले असतात आणि सकाळच्या आंघोळी त्या वरच्या थरावर होतात. जोराने परतणारं कोमट पाणी हे थर ढवळून टाकतं. त्यात पंप रात्रभर चालू राहिला तर नुकसान आणखी मोठं. साठ अंशांचं पाणी वाहणाऱ्या उघड्या नळीतून दर मीटरला साधारण 25 वॅट उष्णता जाते. चाळीस मीटरच्या फेऱ्यात ती एक किलोवॅटच्या घरात भरते आणि आठ तासांत 300 लिटरची टाकी पंधरा-वीस अंशांनी उतरवते. जबलपूरच्या डिसेंबरात, धुक्याच्या दिवशी, एवढी उष्णता परत मिळवायला ऊन पुरत नाही. तेव्हा पैसे खर्चायचेच असतील, तर आधी नळ्यांवरच्या इन्सुलेशनवर आणि पंपाच्या टायमरवर खर्चावेत.

दुसरा पंप योग्य ठरतो तो वेगळ्या वाटेसाठी. खालच्या मजल्यावर वडीलधारी मंडळी पहाटे पाचला उठतात आणि वरच्यांना आठला पाणी लागतं, असं असेल तर दोन फेरे वेगळे करून प्रत्येकाला स्वतःचा पंप आणि स्वतःचा टायमर द्यावा. मात्र प्रत्येक फेऱ्यात एनआरव्ही हवाच, नाहीतर चालू पंप बंद फेऱ्यातून उलटं पाणी ओढतो आणि जुनाच घोटाळा नव्याने सुरू होतो. महाराजपूरच्या वाचकांनी आधी व्हॉल्व्ह आवळून पाहावा आणि काय झालं ते कळवावं. नळी चोंदलेली निघाली, तर पुढच्या आठवड्यातला क्षारांचा लेख त्यांच्या नेमका उपयोगी पडेल.