औषधांची चंची
(इयत्ता सहावी व सातवी : कार्यानुभव, शिवणकाम)

शिवणकामाच्या तासाला रुमाल, उशीचा अभ्रा, झबले या ठरलेल्या वस्तू विद्यार्थ्यांकडून शिवून घेतल्या जातात. त्यांच्या जोडीला, घरात रोज हाताळली जाईल अशी एक लहान वस्तू शिक्षकांनी अवश्य घ्यावी. ती म्हणजे औषधे जवळ बाळगण्याची कापडी चंची. हे काम मुलगे व मुली दोघांनीही करावयाचे आहे.

रक्तदाब, मधुमेह, दमा यांवरील औषधे नित्य घेणारी माणसे आज गावोगाव आहेत. शेतावर, बाजाराला किंवा लेकीच्या गावी जाताना ही माणसे लागतील तेवढ्या गोळ्या काढून घेतात आणि कागदाच्या पुडीत, पदराच्या गाठीत किंवा कनवटीला लावून नेतात. घोटाळा होतो तो येथेच. मधुमेहाची पांढरी गोळी व रक्तदाबाची पांढरी गोळी पुडीत एकत्र आल्या म्हणजे त्या ओळखण्याचे कोणतेच साधन उरत नाही. म्हणून शिवावयास बसण्यापूर्वीच एक गोष्ट वर्गात पक्की करून द्यावी : चंचीत सुट्या गोळ्या ठेवावयाच्या नाहीत, गोळ्यांची संबंध स्ट्रिप ठेवावयाची. चंचीचे सर्व माप त्यावरच ठरले आहे.

ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याची ती पट्टी केवळ वेष्टन नव्हे. औषधाचे नाव, त्याचे प्रमाण व मुदतीची तारीख तिच्यावरच छापलेली असते; आणि हवेतील ओल तीच अडवते, कापड अडवीत नाही. याचे एक बोलके उदाहरण सांगता येईल. छातीतील कळेवर जिभेखाली ठेवावयाची नायट्रोग्लिसरीनची गोळी बाटलीबाहेर राहिली, तर तिच्यातील औषध हळूहळू उडून जाते आणि जवळच्या कापसात किंवा प्लास्टिकमध्ये शोषले जाते. गोळी दिसावयास तशीच दिसते, परंतु ऐन कळेच्या वेळी तिचा उपयोग होत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९७२ साली ही गोळी काचेच्या बाटलीतच देण्याचा दंडक घातला तो याच कारणास्तव. अशी बाटली घरात असेल तर ती बाटलीसह चंचीत ठेवावी.

दुसरे उदाहरण अधिक जवळचे आहे. गडचिरोली, नंदुरबार, पालघर या भागांतील शाळांत सिकलसेलचा आजार असलेली मुले असतात. त्यांपैकी काहींना फॉलिक ॲसिडच्या गोळीबरोबर हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल रोज घ्यावी लागते. ही कॅप्सूल उघडावयाची नसते, आणि ती दुसऱ्या कोणी, विशेषतः गरोदर स्त्रीने, उघड्या हाताने हाताळावयाची नसते. पुडीत सुटी बांधून दिलेली कॅप्सूल आईच्याच हातून जाते, हे शिक्षकांनी पालकांना समजावून सांगावे.

औषधांच्या थैलीचे नाव निघताच सर्वांना आजीबाईचा बटवा आठवतो. तो दिसावयास सुंदर असला तरी या कामास उपयोगी नाही. नाडी ओढून तोंड बंद होणाऱ्या बटव्यात सर्व जिन्नस तळाशी एकत्र जातात. हळकुंड व सुंठ हातांनी चाचपून ओळखता येतात, स्ट्रिप ओळखता येत नाही. त्याऐवजी पानसुपारीच्या चंचीचा नमुना घ्यावा. तिला कप्पे असतात, आणि पान, सुपारी, चुना आपापल्या जागी राहतात.

कापड सुती घ्यावे व कापण्यापूर्वी धुऊन वाळवावे, म्हणजे पुढे ते आटणार नाही. बाहेरून मांजरपाट, पॉपलीन किंवा शिंप्याकडील खणाचे तुकडे चालतात. अस्तर मात्र पांढरेच असावे. जुन्या धोतराचे मऊ कापड त्यास उत्तम, कारण निसटलेली गोळी व लागलेला मळ दोन्ही त्यावर लगेच दिसतात. बाहुल्या, फुगे, प्राणी यांची चित्रे असलेले कापड मुलांना आवडते, पण ते येथे वापरू नये. घरातील तीन वर्षांचे भावंड त्या थैलीला खाऊची थैली समजते. लोहाच्या गोळ्या लहान मुलाने मूठभर खाल्ल्यास जीवावर बेतते.

प्रथम प्रत्येक विद्यार्थ्याने घरातील स्ट्रिपची लांबी व रुंदी मोजून वहीत लिहून आणावी. दहा गोळ्यांची स्ट्रिप बहुधा पुढील मापात बसते. मोठी असेल तर त्या मानाने माप वाढवावे. तयार चंची १५ सेंटिमीटर रुंद, १३ सेंटिमीटर खोल व वर ७ सेंटिमीटरचे झाकण अशी धरावी. पुढील बाजू १३, मागील बाजू १३ व झाकण ७ मिळून ३३ होतात. शिवणीसाठी प्रत्येक कडेस १ सेंटिमीटर सोडला म्हणजे ३५ × १७ सेंटिमीटरचा तुकडा लागतो. असे दोन तुकडे, एक बाहेरचा व एक अस्तराचा, कापावे. झाकणाकडील दोन कोपरे वाटी उपडी ठेवून, पेन्सिलीने आखून गोल करावे.

दोन्ही तुकड्यांच्या सुलट बाजू समोरासमोर ठेवून टाचण्या लावाव्या व कच्चा धावदोरा घालावा. मग कडेपासून १ सेंटिमीटर आत, चारी बाजूंनी उलटी टीप घालावी. झाकणाच्या विरुद्ध असलेल्या सरळ कडेवर मधोमध ६ सेंटिमीटर जागा न शिवता सोडावी. सरळ कोपऱ्यांचे जादा कापड तिरपे छाटावे, गोल कोपऱ्यांवर बारीक चिरा द्याव्या; मात्र कात्री टाक्यास लागू देऊ नये. सोडलेल्या जागेतून कापड उलटवून सुलट करावे, कोपरे पेन्सिलीच्या बोथट टोकाने बाहेर काढावे आणि इस्त्री करावी. इस्त्री नसल्यास गरम पाण्याचा तांब्या शिक्षकांनी स्वतः फिरवावा.

आता उघडी जागा आत दुमडून बारीक टाक्यांनी बंद करावी. ती कड वर घेऊन १३ सेंटिमीटरवर घडी घालावी व दोन्ही बाजूंच्या कडा दुहेरी दोऱ्याने शिवाव्या. तोंडाशी तीन-चार टाके जास्त घ्यावे, कारण चंची प्रथम तेथेच उसवते. शेवटी मधोमध उभी टीप घातली की दोन कप्पे होतात.

बंद करण्यासाठी टिचबटण लावण्याचा मोह आवरावा. सांधे दुखणाऱ्या म्हाताऱ्या बोटांना ते दाबवत नाही. मोठे गुंडीसारखे बटण व झाकणास दोऱ्याचा सैल फास हेच बरे. दम्याच्या पंपासाठी करावयाची थैली निराळी व एककप्पी असावी. तिला वेल्क्रो लावावे, म्हणजे धाप लागली असता एका हाताने उघडते. पंपाचे टोपण लावूनच तो आत ठेवावा, नाहीतर कापडाचा कोंडा तोंडाच्या भागात जाऊन श्वासावाटे ओढला जातो.

चंचीत जाड कागदाची एक चिठ्ठी ठेवावी. तिच्यावर रुग्णाचे नाव, औषधांची नावे, न सोसणारे औषध, घरचा दूरध्वनी व १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक लिहावा. डॉक्टर १-०-१ असे लिहितात, त्याचा अर्थ सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक, हे वर्गात शिकवावे. वाचता न येणाऱ्या आजीसाठी औषधाच्या नावासमोर सूर्य व चंद्र काढावे. ही चिन्हे कापडावर भरू नयेत. डॉक्टर औषध बदलतात, टाका बदलत नाही. चिठ्ठी डॉक्टरांच्या कागदावरूनच उतरवावी आणि आशाताई किंवा आरोग्यसेविका यांच्याकडून तपासून घ्यावी. मात्रा ठरविणे हे मुलांचे काम नव्हे.

स्ट्रिपमधून गोळ्या काढताना तारखेचे टोक शेवटपर्यंत राखावे. शाळेत आठवड्यास मिळणारी लोहाची गोळी शिक्षकांसमक्षच घ्यावयाची असते. ती या चंचीत घालून घरी न्यावयाची नाही. इन्सुलिनसाठीही ही चंची नाही. न उघडलेली बाटली २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते, आणि कापडाने ती थंड राहत नाही. चंची उन्हात किंवा चुलीजवळ टांगू नये. लहान मुलांचा हात पोहोचणार नाही अशा उंच खुंटीवर ठेवावी. महिन्यातून एकदा रिकामी करून साबणाने धुवावी व पूर्ण वाळल्यावरच पुन्हा भरावी. तास संपण्यापूर्वी दिलेल्या सुया व टाचण्या मोजून परत घ्याव्या, आणि चंची घरी नेण्याआधी प्रत्येक कप्प्यात बोट न घालता ती बाहेरून चाचपून पाहावी.