चढावर गाडी का ओढत नाही? जुन्या टर्बो गाडीचं निदान



निरीक्षण, अंदाज आणि पडताळणी हे तीन शब्द आपण विज्ञानाच्या तासाला फळ्यावर लिहितो. आज त्यासाठी एक रोजच्या वापरातलं उदाहरण घेऊया. दहा-बारा वर्षं जुनी टर्बो डिझेल गाडी उभी असताना छान चालते, सपाटीला हळू चालवली तरी तक्रार नसते. पण घाट लागला किंवा ओव्हरटेक करायला ॲक्सिलरेटर दाबला की तिचा दम जातो. समोरून ट्रक येत असताना असं झालं तर जिवावर बेतू शकतं. आणि निदान न करताच "टर्बो गेला" म्हणून नवा बसवला, तर पैसे जातात आणि दोष तसाच राहू शकतो.

उदाहरणासाठी १.३ लिटरचं (१२४८ सीसी) डिझेल इंजिन घेऊ. मूळ फियाटचं हे इंजिन आपल्याकडे स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा, पुंटो अशा अनेक गाड्यांत होतं.

टर्बो करतो काय?

ज्वलनाला इंधन आणि प्राणवायू दोन्ही लागतात. सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुराच्या जोरावर टर्बोचं एक चाक फिरतं. त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतं. समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण १ बार असतो. टर्बोने त्यावर आणखी १ बार चढवला आणि इंटरकूलरने ती हवा थंड केली, तर तेवढ्याच जागेत जवळपास दुप्पट हवा मावते. म्हणून लहान इंजिनही मोठा जोर देतं.

यातच आपला पहिला धागा आहे. गाडी उभी असताना हा दाब जवळजवळ नसतोच. म्हणून जागेवर गाडी ठीक वाटते आणि दोष फक्त जोर मागितल्यावर दिसतो.

आधी निरीक्षण

१. हा दोषच आहे का? या इंजिनात साधारण २००० आरपीएमच्या खाली टर्बोचा जोर कमीच असतो. वरच्या गिअरमध्ये हळू चढताना गाडी मंद वाटली, तर आधी गिअर खाली घेऊन बघा. आरपीएम वाढल्यावर गाडी उचलत असेल तर तो तिचा स्वभाव आहे.

२. आरपीएमचा काटा चढतो पण वेग वाढत नाही? मग इंजिन जोर देतंय, चाकापर्यंत पोचत नाही. क्लच घसरतोय का ते बघा.

३. धुराचा रंग कोणता? काळा धूर म्हणजे इंधनाच्या मानाने हवा कमी. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. धूर नाही आणि जोरही नाही, तर इंधनच कमी मिळत असावं.

४. गाडी एकदम मंदावते आणि बंद करून पुन्हा चालू केली की ठीक होते? इंजिनचा संगणक काहीतरी चुकतंय हे ओळखून मुद्दाम ताकद कमी करतो. अशा वेळी स्कॅनर लावाच. पी०२९९ हा कोड आला तर टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी आहे एवढंच कळतं. तो का कमी आहे, हे कोड सांगत नाही. बरीच फसगत इथेच होते.

मग पडताळणी, स्वस्ताकडून महागाकडे

- एअर फिल्टर: धुळीने बुजला असेल तर बदला. हे सगळ्यात सोपं काम.
- टर्बो ते इंटरकूलर ते इंजिन या मार्गावरचे रबरी होज पाइप: ऑइलच्या अंशाने रबर फुगतं, मऊ पडतं आणि त्याला चीर जाते. चीर एरवी मिटलेली असते, दाब आला की उघडते. काळा धूर आणि फुस्स असा आवाज ही तिची खूण. इंजिन बंद करून, थंड झाल्यावर होजची खालची बाजूही हाताने चाचपा, क्लिपा घट्ट आहेत का बघा.
- डिझेल फिल्टर: बुजलेला असेल तर जागेवर पुरेल इतकं डिझेल मिळतं, चढावर पुरत नाही.
- हवा मोजणारा सेन्सर: मळला तर हवा कमी आहे असं कळवतो. मग संगणक डिझेलही कमी सोडतो. धूर नाही, जोरही नाही.
- ईजीआर व्हॉल्व्ह: काजळीने उघडा अडकला तर ताज्या हवेच्या जागी जळलेला धूरच पुन्हा आत येतो.
- शेवटी टर्बो: पाइप काढून मेकॅनिक दांडा हलवून बघतो. बाजूला किंचित हलणं चालतं. पुढे-मागे हलत असेल किंवा पाती घासल्याच्या खुणा असतील तर टर्बो खराब.

टर्बो खरंच खराब निघाला तर पुढचा प्रश्न विचाराच: का झाला? टर्बो मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेऊ शकतो आणि त्याचा दांडा ऑइलच्या पातळ थरावर फिरतो. ऑइल वेळेवर बदललं नसेल किंवा ऑइलची नळी बुजली असेल, तर नवा टर्बोही तसाच जाईल.

एक सावधगिरी. डिझेलच्या प्रेशर पाइपांना घरी हात लावू नका. त्यात हजार बारच्या वर दाब असतो.

वर्गात काय करता येईल?

फुग्याला स्ट्रॉ रबराने घट्ट बांधा. स्ट्रॉला मध्ये टाचणीने दोन-तीन भोकं पाडा. एका मुलाने फुगवायचं, दुसऱ्याने भोकांवर बोट ठेवायचं आणि काढायचं. फुंकणाऱ्याची ताकद तीच, मग फुगा का फुगत नाही? त्यानंतर लक्षण, संशय आणि तपासणी असा तीन रकान्यांचा तक्ता मुलांकडूनच भरून घ्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम पक्का करा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही. गॅरेजमध्ये गाडी देताना पालकांनीही हाच तक्ता मेकॅनिकसमोर ठेवायला हरकत नाही.