बटण बंद केले, तरी वीज जागी असते



गळीत हंगाम आटोपला, की आम्हा इलेक्ट्रिकल खात्यातील मंडळींच्या मागे एक जादा काम लागते. ऊसबिलाच्या चौकशीला किंवा नोंदीसाठी कार्यस्थळावर आलेले सभासद जाता जाता आमच्याकडे डोकावतात. कुणाच्या पिशवीत मिक्सर, कुणाच्या मोटारसायकलीला मागे चादरीत बांधलेला टीव्ही, कुणाच्या हातात सेट टॉप बॉक्सचा अ‍ॅडॉप्टर. "साहेब, तेवढं बघा की. फ्यूजच गेला असंल." कारखान्यातील माणसाला विजेचे सगळेच कळते, असा आपल्याकडे समज आहे. जमेल तेवढे आम्ही पाहतो, न जमेल ते तालुक्याच्या मेकॅनिककडे धाडतो.

गेल्या उन्हाळ्यात मात्र बिघडलेल्या वस्तूबरोबर एक बिघडता बिघडता वाचलेला मुलगाही आला. सभासदाचाच मुलगा, बारावी झालेला, मोबाईलवर पाहून पाहून दुरुस्ती शिकलेला. उजव्या हाताच्या दोन बोटांना भाजल्याचे पांढरे डाग आणि कोपर सोललेले. वडील सांगत होते, "अहो, प्लग काढलेला होता. मी समोरच बसलो होतो. तरी यानं मागनं कार्ड उचललं अन् हात असा झटकला, की कपाटाच्या कोपऱ्यावर जाऊन आपटला. प्लग काढल्यावर वीज येती कुठनं?"

हा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि तो एकट्या त्यांचा नाही. म्हणूनच या अंकात त्यावर सविस्तर लिहावे असे आम्ही ठरविले.

आपल्या विहिरीवरची मोटर आपण बंद करतो, तेव्हा पाइपातले पाणी लगेच खाली जाते का? फूटव्हॉल्व्ह चांगला असेल तर पाणी पाइपात तसेच उभे राहते. टीव्हीच्या पॉवर सप्लायमध्ये असाच एक साठा असतो. त्याला कंडेन्सर म्हणतात, पुस्तकात कपॅसिटर. घरात येणारी २३० व्होल्टची उलटसुलट वीज आधी एकदिश केली जाते आणि ती या कंडेन्सरमध्ये भरते. २३० हा आकडा सरासरीसारखा असतो. विजेची लाट शिखरावर सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत जाते, आणि कंडेन्सर त्या शिखरापर्यंत भरतो. म्हणून तर त्याच्या अंगावर ४०० किंवा ४५० व्होल्ट असे छापलेले असते. प्लग काढला म्हणजे भरणे थांबले. भरलेले रिकामे झाले असे नव्हे.

आता यातली खरी मेख सांगतो. चालू स्थितीतला टीव्ही बंद केला, तर आतली यंत्रणा काही सेकंदांत तो साठा ओढून संपवते. पण बंद पडलेल्या टीव्हीत ओढणारेच मेलेले असते. साठा वापरणारा कुणी नाही, त्यामुळे तो कितीतरी वेळ तसाच राहतो. म्हणजे जो टीव्ही चालतो तो उघडायला त्या मानाने कमी धोक्याचा, आणि जो चालत नाही तो अधिक घातक. आणि उघडतो आपण कोणता? जो चालत नाही तोच!

या मुलाचे नेमके तसेच झाले. त्याने जळालेला फ्यूज बदलला, प्लग लावला, टीव्ही काही उजळला नाही. प्लग काढला आणि लगेच कार्ड उचलले. मधल्या दोन मिनिटांत कंडेन्सर भरून बसला होता. त्याची दोन बोटे कंडेन्सरच्या दोन टाक्यांवर पडली. डावा हात त्या वेळी कमरेवर होता, हे नशीब. दोन्ही हातांनी कार्ड धरले असते, तर वीज एका हातातून दुसऱ्या हातात, म्हणजे छातीतून गेली असती.

कंडेन्सर रिकामा करण्याची रीत अवघड नाही. पुष्कळ जण स्क्रू ड्रायव्हरने दोन टाके जोडतात. फाटदिशी ठिणगी उडते, पात्याचे टोक वितळते, कधी कार्डावरची पट्टीही उडते. ते करू नये. २ किलो-ओहम, १० वॉटचा एक रेझिस्टन्स घ्यावा, त्याला दोन वायरी जोडून सर्व उघडा भाग स्लीव्हने झाकावा, आणि टोकाला प्लॅस्टिकच्या मुठीचे प्रोब लावावेत. प्लग काढल्यावर ही दोन टोके कंडेन्सरला पाचएक सेकंद धरली, की साठा उतरतो. मग मीटर डीसीच्या ६०० किंवा १००० व्होल्टच्या रेंजवर ठेवून खात्री करावी. मीटर आधी दुसऱ्या चालू ठिकाणी तपासून घ्यावा; मेलेला मीटरही शून्यच दाखवतो. खिशातला निऑनचा टेस्टर या कामाला उपयोगाचा नाही.

आमच्या कारखान्यात कपॅसिटर पॅनेल असते. ते बंद केल्यावर ठराविक वेळ थांबल्याशिवाय आणि अर्थ लावल्याशिवाय कुणी त्याला बोट लावत नाही. ऑफ सीझनला मोटरीवर काम करायचे तर वायरमन फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवतो आणि पॅनेलवर 'काम चालू आहे' अशी पाटी लावतो. हाच वायरमन घरी गेल्यावर बायकोला "जरा बटण बंद कर गं" म्हणून मिक्सर उघडतो. आम्हीही केलेले आहे. उगाच शहाणपणा सांगत नाही.

बटणाचा भरवसा का नाही, तेही पाहा. वायरिंग करणाऱ्याने बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवले असेल, तर बटण बंद असूनही वस्तूपर्यंत फेज जिवंत असते. दोन पिनांचा प्लग उलटा लागला, तरी वस्तूच्या स्वतःच्या बटणाचे तेच होते. म्हणून बटणावर न जाता प्लग काढावा, आणि काढलेला प्लग आपल्या मांडीशी, डोळ्यांसमोर ठेवावा. भिंतीपाशी लोंबता ठेवला, की घरातले पोर तो केव्हा लावील ते सांगता येत नाही.

लाईट गेल्यावर काम उरकणे

आपल्याकडे आणखी एक खोड आहे. लाईट गेली, की "आता करून घेऊ" म्हणून होल्डर, बोर्ड उघडायचे. लाईट परत केव्हा येईल हे आपल्या हाती नाही. शिवाय हल्ली घरोघरी इन्व्हर्टर आहेत. मेन स्विच पाडला तरी इन्व्हर्टर घरातल्या निम्म्या लाईनीला २३० व्होल्ट देतच राहतो. वीज गेली म्हणून तर तो चालू झालेला असतो! वायरिंगला हात लावायचा तर मेन पाडावा, इन्व्हर्टर बंद करून त्याची आउटपुटची जोडणी काढावी, आणि मगच टेस्टर लावून पाहावे. इन्व्हर्टरची बॅटरी १२ व्होल्टची, ती शॉक देत नाही, हे खरे. पण पान्ह्याने किंवा हातातल्या कड्याने तिची दोन टोके जोडली गेली, तर कडे लाल होऊन मनगट भाजते. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो, तिथे ठिणगी नको.

रेडिओच्या जुन्या दुरुस्तीवाल्यांना एक गोष्ट पक्की माहीत होती. व्हॉल्व्हच्या काही सेटमध्ये ट्रान्सफॉर्मरच नसे. चासी सरळ मेनला जोडलेली असे. प्लग उलटा लागला की सगळा पत्रा जिवंत. आज ते सेट अडगळीत गेले, पण धोका गेला नाही. बाजारातल्या कितीतरी एलईडी बल्बमध्ये दिव्यांची पट्टी मेनपासून वेगळी केलेली नसते. बल्बची टोपी काढून, होल्डरला लावून, चिमट्याने एकेक एलईडी तपासणारी मुले आम्ही पाहिली आहेत. तो चिमटा २३० व्होल्टला लागतो आहे, हे त्यांच्या गावीही नसते.

सिरीज दिव्याबद्दलही थोडे सांगितले पाहिजे. दुरुस्त केलेली वस्तू सरळ प्लगला न लावता तिच्या वाटेत एक १०० वॉटचा तारेचा पिवळा बल्ब घालायचा, ही जुनी आणि उत्तम रीत आहे. एलईडी बल्ब चालत नाही. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि वस्तू वाचते. टीव्ही ठीक असेल तर बल्ब क्षणभर उजळून मंद होतो. कंडेन्सर भरल्याची ती खूण. मात्र सिरीज दिवा वस्तू वाचवतो, माणूस नाही. १०० वॉटच्या दिव्यातून ४३० मिलीअँपिअरपर्यंत वीज जाते, आणि सुमारे १० मिलीअँपिअरलाच हाताचे स्नायू आवळून पकड सुटेनाशी होते. बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी जरूर बसवावा. गळतीने जमिनीकडे जाणारी वीज तो झटकन तोडतो. पण एक हात फेजला आणि दुसरा न्यूट्रलला लागला तर त्याला ते कळत नाही, आणि काढलेल्या प्लगपलीकडच्या कंडेन्सरशी तर त्याचा संबंधच नाही.

जुना डब्याचा, काचेच्या ट्यूबचा टीव्ही आणि मायक्रोवेव्ह ओव्हन, या दोन वस्तू घरी उघडूच नयेत. रंगीत ट्यूबला २० हजार व्होल्टच्या वर दाब लागतो, आणि ती ट्यूबच एक मोठा कंडेन्सर असते. मायक्रोवेव्हच्या आतल्या कंडेन्सरमध्ये हजारो व्होल्टचा साठा असतो, आणि तिथे चूक सुधारायला दुसरी संधी मिळत नाही. शिकलेल्या मेकॅनिकला द्यावे.

टीव्ही मुळात गेला कशाने?

मुलाचा हात पाहून झाल्यावर आम्ही वडिलांना विचारले, "आबा, टीव्ही गेला तेव्हा आणखी काय झालं?" ते म्हणाले, "त्या रात्री दिवे एकदम लखलखले. शेजारच्या घरात मात्र मिणमिणत होते. आमचा टीव्ही गेला, पलीकडच्यांचा बी गेला, एकाचा फ्रीज गेला." आमच्या लक्षात आले. वस्तीवर जाऊन पाहिले. घरात एक दिवा चालू ठेवून टेस्टर लावला, तर प्लगच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटत होता. म्हणजे न्यूट्रल तुटलेला!

डीपीपासून येणारा न्यूट्रल सैल झाला किंवा तुटला, की वेगवेगळ्या फेजवरची दोन घरे एकामागे एक जोडल्यासारखी होतात आणि दोन फेजमधले ४०० व्होल्ट आपापसांत वाटून घेतात. ज्या घरात हीटर, इस्त्री असे जड काम चालू असते तिथे दाब कमी पडतो. जिथे फक्त एक टीव्ही आणि एक दिवा, तिथे तो ३०० च्या वर चढतो. टीव्ही दुरुस्त करून त्याच प्लगला लावला असता, तर पुन्हा जळाला असता. एकाच वेळी दोन-तीन घरांतल्या वस्तू गेल्या, किंवा दिवे कुठे लखलखीत आणि कुठे मंद झाले, तर घरातील मेन पाडावा आणि वीज कंपनीच्या वायरमनला बोलवावे. फांदीच्या आकड्याने डीपीवर आपण होऊन काही करायला जाऊ नये. या वस्तीवर वायरमनने डीपीवरचा न्यूट्रलचा जोड नवा करून दिला.

अर्थिंगचेही हाल असेच दिसले. खड्डा कोरडा ठणठणीत, तार गंजून तुटलेली, आणि मिक्सरच्या प्लगची तिसरी पिन कापलेली, कारण बोर्डाला भोके दोनच. फ्यूजच्या जागी केबलची जाड तार. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतायला पाच मिनिटे लागतात. वळवाचे ढग दिसले, की टीव्हीचा प्लग काढताना डिशची केबलही काढावी. पुष्कळ जण तेवढी विसरतात.

घरी खुशाल करावे असेही पुष्कळ आहे. प्लग काढून त्यातले स्क्रू आवळणे, तुटकी कॉर्ड बदलणे, अ‍ॅडॉप्टर दुसरा लावून पाहणे. आमच्याकडे येणाऱ्या 'बंद' सेट टॉप बॉक्सपैकी कितीतरी नुसत्या अ‍ॅडॉप्टरने बंद असतात. ज्याला सोल्डरिंग जमते त्याने डोके फुगलेला कंडेन्सर बदलावा. तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, तेवढ्याच किंवा अधिक व्होल्टचा, आणि अंगावरची पट्टी ऋण बाजूस. उलटा लावला तर फुटतो. काम करताना पायात कोरडी रबरी चप्पल, बोटात अंगठी नको, शक्य तेथे एकच हात, आणि जवळ मेन कुठे आहे हे माहीत असलेले एक माणूस.

त्या माणसाने एवढे ध्यानात ठेवावे: कुणी चिकटला तर त्याला धरून ओढायचे नाही. आधी मेन पाडायचा. मेन लांब असेल तर कोरड्या लाकडाने वायर दूर करायची. श्वास नसेल तर १०८ ला फोन लावून, छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच सेंटिमीटर खोल दाब द्यायचा, आणि गाडी येईपर्यंत थांबायचे नाही.

आबांच्या टीव्हीचे पॉवर सप्लायचे कार्ड शेवटी तालुक्यावरून नवे आणून बसवावे लागले. बसवले त्या मुलानेच, आमच्या देखत, रेझिस्टन्स लावून, मीटर पाहून. आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड आहे, दहावीवर प्रवेश मिळतो. त्याचा अर्ज त्याने भरला आहे. आईने अट घातली आहे, की यापुढे काही उघडायचे तर ओसरीवर, सगळ्यांच्या समोर.